दंडावरचा पट्टा

पुंजाराम दोंदे यांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कंपनीत, ग्राइंडिंग मशीनपुढे उभं राहून गेली. इंजिनात बसणारे लहान दांडे घासून गुळगुळीत करायचे, हे काम. त्या आवाजात बोलायची सोय नव्हती. शेजारच्याला काही सांगायचं तर आधी त्याच्या खांद्याला हात लावावा लागे. तसा त्यांचा स्वभावही कमी बोलण्याचाच. घरातलं बोलणं बायकोकडे, यशोदाबाईंकडे होतं आणि त्या ते मनापासून करत. भाजीवालीशी, शेजारच्या अंजलीशी, विहारात येणाऱ्या बायकांशी, कुणी नसलं तर उतू जाणाऱ्या दुधाशी.

वर्षातून एकदा कंपनीच्या आवारात डॉक्टरांची गाडी येऊन उभी राहायची आणि सगळ्या कामगारांची तपासणी व्हायची. रक्त, लघवी, छातीचा फोटो, कान, डोळे, बीपी. त्या दिवशी उपाशीपोटी जायचं असे. यशोदाबाई पोह्यांचा डबा बांधून द्यायच्या आणि रक्त दिल्यावर लगेच खा, मशीनवर चक्कर येईल, असं दारापर्यंत येऊन बजावायच्या. संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न असायचा, "काय म्हणाले डॉक्टर?"

"फिट."

"चला, बरं झालं," म्हणून त्या चहा टाकायला वळायच्या. दर वर्षी हेच व्हायचं.

एका वर्षी मात्र चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं होतं, "बायकांचं नाही का करत ते?"

पुंजाराम हसले होते. "तू कुठं कंपनीत कामाला आहेस?"

यशोदाबाईही हसल्या होत्या. तो विषय तिथंच संपला.

त्यांचं डोकं अधूनमधून दुखायचं. दुखलं की त्या पदर कपाळाभोवती घट्ट आवळून बांधायच्या आणि काम करत राहायच्या. किराणा दुकानातून गोळी आणायच्या. पुंजारामांनी एकदोनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, उन्हानं होतं. थंडीतही डोकं दुखायचं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी, नळाला पाणी आलं असताना, भरलेली कळशी उचलायला वाकल्या त्या तिथंच बसल्या. तोंडातून शब्द फुटेना. एक हात लुळा पडला. पुंजारामांनी आणि अंजलीच्या नवऱ्यानं उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो पाहिला आणि बाहेर येऊन विचारलं, "बीपीची गोळी चालू होती का?"

"नाही."

"शेवटचं बीपी कधी मोजलं होतं?"

पुंजारामांनी आठवायचा प्रयत्न केला. मुलाच्या, बुद्धभूषणच्या बाळंतपणात मोजलं असेल. तो तर आता हैदराबादला नोकरीला लागलेला होता, त्याचं लग्न झालेलं होतं. त्यानंतर कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी यशोदाबाई गेल्या.

पुढच्याच वर्षी पुंजाराम रिटायर झाले. कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या वर्षीची तपासणी त्यांच्या निरोपाच्या आधी झाली होती आणि तीत ते फिट होते. पण "काय म्हणाले" असं त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही. त्यांनी कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

दोन खोल्यांच्या घरात एकटा माणूस राहायला लागला की घर मोठं होत जातं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, टीव्ही आणि पलंग. मागे स्वयंपाकघर. पुंजाराम सकाळी उठून फिरून यायचे, पेपर वाचायचे, मग पेपर परत वाचायचे. बुद्धभूषणचा फोन रविवारी यायचा. "पप्पा, जेवलात का? औषधं घेताय ना?" त्यांना कुठलंच औषध चालू नव्हतं. तरी ते हो म्हणायचे. नाही म्हटलं असतं तर पुढं बोलायला आणखी काही शोधावं लागलं असतं.

तेव्हाच त्यांनी औषधाच्या दुकानातून बीपीचं मशीन आणलं. उशिरा आणलं, हे त्यांना माहीत होतं. रोज सकाळी फिरून आल्यावर खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, पाच मिनिटं गप्प राहायचं, मग दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबायचं. पट्टा फुगत जाऊन दंड आवळला जाई, क्षणभर तसाच राहून मग हळूहळू सैल होई. आकडे नेहमी चांगलेच असत. त्या आकड्यांपेक्षा दंड धरला जातो तेवढा वेळ त्यांना बरं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कुसाबाई आल्या त्या अंजलीच्या ओळखीनं. बुद्धभूषण फोनवर सारखा म्हणत होता, पप्पा, बाई लावा, नुसतं दूधभाकरी खाऊन कसं चालेल. अंजलीकडे धुणीभांडी करणाऱ्या या बाई स्वयंपाकही करतात असं कळलं आणि पुंजारामांनी त्यांना सांगितलं. कुसाबाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या. नवरा लहानू इमारतीच्या कामावर असताना गेला, त्यानंतर त्यांनीच घरकामं करून महेशला वाढवलं. महेश आता रिक्षा चालवायचा. सून, नातू आणि कुसाबाई असे सगळे डोंगराच्या बाजूच्या वस्तीत राहायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तिखटाचा डबा कुटं? हे काय, हळदीत पोरकिडे झालेत."

पुंजाराम उठून आत आले. "ते यशोदाच्या वेळचं आहे."

कुसाबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. फेकला नाही. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी दुकानातून नवी हळद आणली.

त्या सकाळी यायच्या. भाकरी, एक भाजी, कधी उडदाची आमटी. आठवड्यातून एकदा घरून नागलीचं पीठ आणून त्याची काळपट भाकरी करायच्या आणि सोबत खुरासणीची चटणी. हात चालायचा तसं तोंडही चालायचं. नातवानं चप्पल गटारीत टाकली, इंदिरानगरच्या मॅडमनी कुत्र्याला केक कापला, गावाकडं भावानं स्ट्रॉबेरी लावली. पुंजाराम पुढच्या खोलीत पेपर धरून बसायचे. पेपर वाचत नसायचे. मधूनच "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"वर कुसाबाई आणखी एक गोष्ट सांगायच्या. त्या निघाल्या की पुंजाराम पेपर खरोखर वाचायला घ्यायचे.

असं वर्षभर चाललं असेल.

उन्हाळा संपत आलेला असताना एक दिवस आतून आवाज येईना. भाकरी थापल्याचाही नाही. पुंजाराम डोकावले. कुसाबाई ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. त्यांनी पदर कपाळाभोवती आवळून बांधला होता.

पुंजाराम दारातच थांबले.

"डोकं दुखतंय?"

"भणभणतंय नुसतं. होतं कंदीमंदी. बाम लावते, मग ऱ्हातं."

"कधीपासून होतंय?"

"लय दिवस झाले. उन्हानं हो."

पुंजारामांनी पुढच्या खोलीत जाऊन मशीन काढलं. "कुसाबाई, इकडं या. बीपी मोजू."

"मला काय झालंय? नाय बा. त्या पट्ट्यानं हात मोडायचा."

"काही होत नाही. मी रोज मोजतो."

बऱ्याच वेळानं, पदर सोडत त्या बाहेर आल्या. पुंजारामांनी घराचं दार सताड उघडं ठेवलं. दारापाशी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, पाय जमिनीला टेकवायला सांगितले. पाच मिनिटं बोलायचं नाही म्हटल्यावर कुसाबाईंना हसू आलं. पण त्या गप्प बसल्या. पट्टा त्यांच्या दंडाला जेमतेम पुरला. पट्टा फुगायला लागला तसे त्यांचे डोळे मोठे झाले.

आकडा आला. वरचा एकशे शहाण्णव, खालचा एकशे बारा.

पुंजारामांना वाटलं, मशीन बिघडलं. त्यांनी तो पट्टा आपल्या दंडाला लावला. नेहमीचाच आकडा आला. मग पुन्हा कुसाबाईंचं मोजलं. थोडासा कमी, पण तसाच.

"कुसाबाई, आत्ता दवाखान्यात जायचं. चला, मी येतो."

"आत्ता? अजून दोन घरं हायेत माझी."

"त्या घरांना फोन करा. हे फार जास्त आहे. असं चालत नाही."

"मला तर कायच वाटत नाय. डोकं बी थांबलं बघा आता," कुसाबाई उठल्या. "उद्या बघू भाऊ. भाकऱ्या ऱ्हायल्यात."

त्यांनी उभ्या उभ्या भाकऱ्या केल्या आणि निघून गेल्या. अंजली त्या वेळी दारात कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुंजारामांनी विचारलं, गेलात का दवाखान्यात. नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं. महेशला वेळ नाही, एकटीला तिथलं काही कळत नाही. पुंजाराम म्हणाले, मी येतो बरोबर. कुसाबाई कणिक मळत राहिल्या. बाईमाणसानं परक्या पुरुषाबरोबर दवाखान्याच्या रांगेत बसायचं, हे त्यांना कसं सांगायचं ते कळत नसावं. पुंजारामांना तेही सुचलं नाही. चौथ्या दिवशी डब्यातून त्यांनी खारवलेली मिरची काढलेली दिसली आणि पुंजारामांचा तोल गेला.

"मिठाचं खाऊ नका म्हटलं ना! मरायचंय का तुम्हाला?"

ते एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. कुसाबाईंच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"असं कसं बोलता भाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

"माझी बायको अशीच गेली. मी इथं असताना गेली."

कुसाबाईंनी हात धुतला. भाजी झालेली होती. त्यांनी ताटावर झाकण ठेवलं, चप्पल घातली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी महेश आला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी लावून आला होता. तिशीतला, अंगानं किरकोळ मुलगा. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"काका, आई आता येणार नाही. या गल्लीत कुणाकडेच नाही."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. पण तुम्ही तिचा हात धरून मशीन लावलं म्हणे. दारात बसवून. गल्लीतल्या बायका बोलतात. नळावर आमच्या वस्तीतल्या बाईला कळलं, तिनं माझ्या बायकोला सांगितलं. चांगलं वाटतं का ते?"

पुंजारामांनी दार उघडं ठेवलं होतं ते लोकांना दिसावं म्हणूनच. त्यांनी तेच सांगायला तोंड उघडलं, पण ते वाक्य मनातच वाईट वाटलं.

"महेश, तिचं बीपी फार वाढलंय. फार. आधी दवाखान्यात ने तिला."

"ते आम्ही बघू."

"बघू नको, ने. आजच ने."

"काका, तुम्हाला आई काय लागत नाही. आमचं आम्ही बघू म्हटलं ना," महेशचा आवाज वर गेला आणि मग त्याला स्वतःलाच ते खटकलं असावं. त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "येतो," म्हणाला आणि गेला.

पुंजारामांनी दार लावलं. समोर अंजलीची खिडकी बंद होती. अंजली वाईट बाई नव्हती. तिनं सहज, हसत कुणाला सांगितलं असेल की दोंदेकाका आता डॉक्टर झालेत. तेवढं पुरतं.

त्यानंतर घरात पुन्हा कुणाचा आवाज राहिला नाही. पण पूर्वीपेक्षा हे वेगळं होतं. पूर्वी शांततेची सवय झाली होती. आता सकाळच्या त्या वेळेला कान दाराकडे लागायचे. पुंजाराम स्वतः भाकरी थापायला बसले. त्या फाटायच्या. दोन दिवस प्रयत्न केला आणि मग ते कुकरमध्ये डाळ-तांदूळ एकत्र लावायला लागले. बुद्धभूषणला फोनवर सांगितलं, कुसाबाई सुट्टीवर गेल्यात. तो म्हणाला, मग दुसरी लावा ना पप्पा. पुंजाराम म्हणाले, बघतो.

त्यांना काळजी मात्र दुसरीच होती. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की ते फाटकापर्यंत जाऊन ती कुठं वळते ते बघायचे. एकदा मनाचा हिय्या करून डोंगराकडच्या वस्तीकडे चालत गेले. कोपऱ्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. एक बाई पिंपात पाणी भरत होती, तिनं वर पाहिलं. "कुणाकडं जायचंय?" तिनं विचारलं. पुंजारामांना वाटलं, आपण नाव घेतलं तर संध्याकाळपर्यंत तेही वस्तीभर होईल आणि जे काही बोललं जाईल ते कुसाबाईंना ऐकावं लागेल. "नाही, चुकून आलो," म्हणून ते परत फिरले.

घरी यायच्या वाटेवर महापालिकेचा दवाखाना लागतो. तिथं बाहेरच्या बाकावर आशाताई वेदिका बसली होती. या भागातल्या बाळंतिणींना, लहान मुलांना, टीबीच्या रोग्यांना तीच बघायची. पुंजाराम तिला ओळखत होते. यशोदाबाई गेल्यावर ती भेटायला आली होती. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"काका, तब्येत बरी ना? सकाळी फिरताना दिसता."

"बरी आहे. एक विचारू का? तुम्ही लोक घरोघरी जाऊन बीपी मोजता ना?"

"मोजतो की. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी, शुगर बघायचं असतं. पण दारात गेलं की म्हणतात, आम्हाला काय झालंय."

"डोंगराकडच्या वस्तीत एक बाई आहेत. कुसाबाई. महेश रिक्षावाल्याची आई." पुंजाराम थांबले. "त्यांचं एकशे शहाण्णवच्या घरात आहे. मी पाहिलंय. जातच नाहीत दवाखान्यात."

वेदिका सरळ बसली. "कधी पाहिलं तुम्ही?"

"झाले बरेच दिवस. तुम्ही जाऊन बघा. पण माझं नाव घेऊ नका."

वेदिकानं त्यांच्याकडे पाहिलं. काही विचारावं असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण तिनं विचारलं नाही.

"एकट्या त्यांच्याकडे गेले तर त्याही म्हणतील, माझ्याकडेच का," ती म्हणाली. "मी सगळी गल्लीच धरते. पहिल्या घरापासून सुरू करते. म्हणजे कुणाला काही वाटायचं नाही."

"तसं करा," पुंजाराम म्हणाले. "लवकर करा."

आठवड्यानं ते पुन्हा दवाखान्यावरून गेले. वेदिका लसीच्या डब्यात बर्फ भरत होती. तिनं हात पुसले.

"जाऊन आले काका त्या वस्तीत."

"मग?"

"दुसऱ्याच्या तब्येतीचं मला सांगता येत नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. "तुम्हाला राग येईल, पण नाही सांगता येत."

पुंजारामांना राग आला नाही. हे बरोबरच आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी मान हलवली आणि ते घरी आले. पण त्या रात्रीही आणि पुढच्या कित्येक रात्री त्यांना कळत नव्हतं की कुसाबाई गोळी घेतायत की नाही, की कुठल्या सकाळी कळशी उचलता उचलता खाली बसल्यायत. विचारावं असं कुणीच नव्हतं. अंजलीला विचारलं असतं तर तिलाच काहीतरी सापडलं असतं.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. बुद्धभूषण आणि सून सृष्टी चार दिवस येऊन गेले. सृष्टीनं फ्रिज पुसून काढला आणि वरच्या फळीवरच्या डब्यातली जुनी हळद टाकून दिली. तिला माहीत नव्हतं.

थंडी सुरू झाली तेव्हा पुंजाराम स्वतःच्या तपासणीला महापालिकेच्या दवाखान्यात गेले. कंपनीची गाडी बंद झाली तरी वर्षातून एकदा जायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पोट रिकामं ठेवलं होतं, सोबत दोन केळी घेतली होती. रक्त देऊन झालं, एक केळं खाल्लं, आणि बीपीच्या रांगेत बाकावर बसले.

"भाऊ?"

कुसाबाई समोर उभ्या होत्या. थोड्या रोडावल्या होत्या. अंगावर स्वेटर होता, हातात औषधाची पिशवी. पुंजाराम उठले, मग काय करावं न कळून परत बसले. कुसाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"बरं आहे का?" पुंजारामांनी विचारलं.

"आता हाय. गोळ्या चालू हायेत, दर महिन्याला येते न्यायला. आधी लय चढलं होतं. तुम्ही म्हनत होते तेवढंच. मला तवा खोटं वाटायचं." त्या हसल्या. "ती आशाताई नाय का, वेदिका, ती आली होती आमच्याकडं. सगळ्या गल्लीचं मोजत मोजत आली. माझं मोजलं न् तिथंच बसली. महेशला रिक्षा बंद करायला लावली, तशीच घेऊन आली मला हितं. डागदरनी लघवी तपासली, डोळ्यात बघितलं. आनखी थोडे दिवस काढले असते तर किडनीला लागलं असतं, म्हनले."

"आता किती असतं?"

"एकशे तीसच्या आसपास. पन मीठ बंद केलंय हो. आळणी खाऊन तोंडाची चवच गेली. सून मिरचीचा डबाच लपवून ठेवते." मग त्या थोड्या थांबल्या. "ती वेदिका आली म्हनून. नायतर मी काय आले नसते."

"बरं झालं आली ते," पुंजाराम म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात आलं होतं. नुसतं एक वाक्य. त्यांनी हातातल्या केळ्याची साल दुमडली, पुन्हा दुमडली, आणि ते बोलले नाहीत. सांगितलं असतं तर कुसाबाईंना ते घरी सांगावं लागलं असतं, किंवा लपवावं लागलं असतं. दोन्ही त्यांच्यावर कशाला टाकायचं?

"महेश काय काय बोलला तुम्हाला," कुसाबाई खाली बघत म्हणाल्या. "मला मागून कळलं. मी त्याला लय बोलले. आपन काय असं बोलायचं का, म्हनलं."

"लहान आहे तो. आईसाठीच बोलला."

"मी येनार होते परत. पन आता सून कामाला जाती, नातवाला मीच बघते. आन..." त्यांनी हात हवेत हलवला. त्या हातात गल्ली, नळ, वस्ती, सगळं आलं.

"कळतं मला," पुंजाराम म्हणाले.

"मग स्वैपाकाला कोन येतं?"

"मीच करतो. खिचडी."

"रोज?"

"रोज नाही. कधी मेथी करतो."

"मेथीत लसून आधी घाला, तेलात. तुम्ही मागून घालत असाल," कुसाबाई म्हणाल्या. "बारीक गॅसवर. झाकन ठिऊ नका, कडू होती."

आतून नर्सनं त्यांचं नाव घेतलं. कुसाबाई उठल्या, आत गेल्या आणि थोड्या वेळात हातात गोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर आल्या. बाहेर फाटकाशी महेशची रिक्षा उभी होती. कुसाबाई रिक्षात बसताना महेशनं दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. त्याला पुंजाराम दिसले. त्यानं किंचित मान झुकवली आणि रिक्षा सुरू केली.

रक्ताचे कागद यायला दुपार झाली, मग पुंजारामांचा नंबर आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद पाहिले, छाती तपासली, पायांवर बोटानं दाबून पाहिलं. "या वयात इतकं छान ठेवलंय तुम्ही. शुगर थोडी वरच्या बाजूला आहे, पण गोळी लागत नाही. चालणं चालू ठेवा. घरी कोण असतं?"

"मी असतो."

डॉक्टरांनी वर पाहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "कुणाशी तरी बोलत जा काका. तेही लागतं तब्येतीला." मग त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पुंजाराम चालत घरी निघाले. पहिली शिफ्ट सुटली होती. कामगारांनी भरलेल्या बस आणि मोटारसायकली रस्ता अडवून चालल्या होत्या, आणि त्या गर्दीत त्यांना एकदोन जुने चेहरे दिसले. एकानं हात केला. पुंजारामांनी हात वर करेपर्यंत तो पुढं निघून गेला. नाक्यावर त्यांनी मेथीची जुडी घेतली.

रविवारी बुद्धभूषणचा फोन आला.

"पप्पा, जेवलात का?"

"झालं जेवण. दवाखान्यात जाऊन आलो. सगळं व्यवस्थित आहे."

"गुड. मी म्हणत होतोच."

"कुसाबाई भेटल्या तिथं. बऱ्या आहेत आता."

फोनमध्ये मागं टीव्हीचा आवाज येत होता.

"कोण कुसाबाई?"

"स्वैपाकाला यायच्या त्या."

"हां हां. त्या. सुट्टीवर होत्या ना? बरं, येतायत का मग परत?"

"नाही," पुंजाराम म्हणाले. "आता नाही येत."

"मग दुसरी बघा ना पप्पा. मी ऑनलाइन बघू का?"

"बघतो मीच. तू तुझं बीपी मोजतोस का रे?"

बुद्धभूषण हसला. "मला काय झालंय?"

"तरी मोज. सृष्टीचंही मोज. दोघं जाऊन या एकदा."

"हो पप्पा, जाऊ."

"कधी?"

"जाऊ हो. बघतो."

"नाही, दिवस सांग," पुंजाराम म्हणाले. त्यांचा आवाज एवढा ठाम झाला होता की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "आता मी रोज फोन करून विचारणार आहे. गेल्याशिवाय सोडणार नाही."

मग त्यानं शनिवार सांगितला.

फोन ठेवल्यावर पुंजाराम स्वयंपाकघरात गेले. मेथी निवडून झाली होती. त्यांनी गॅस बारीक केला, तेल तापत ठेवलं आणि लसूण सोलायला बसले.